भाकरीच्या वेळचा धडा

३ मे

आज पुन्हा तोच विषय. हर्षल म्हणतो, "दीदी, चेहरा दिखाओ, रील बनाओ, तभी पब्लिक आएगी." धाकटा भाऊ आहे, पण त्याला सगळं कळतं! मी म्हटलं, माझी पब्लिक त्या वेळी भाकऱ्या थापत असते. हात पिठात. बघणार कशी?

म्हणून फक्त आवाज. शाळा मध्येच सुटलेल्या बायकांसाठी रोज संध्याकाळी फोनच्या ग्रुपवर दहावीचा एक धडा — इकडची शाळा हिंदी, म्हणून पुस्तक हिंदीत, समजावणं आपल्या मराठीत. ओपन बोर्डाची परीक्षा जूनमध्ये आहे. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. ते सर्टिफिकेट नुसतं भिंतीवर टांगून काय करू?

६ मे

कालचा किडनीचा धडा लांबला. निंबोल्याच्या रजनीताईंचा निरोप — "ताई, भाकऱ्या संपल्या, तुमची किडनी चालूच!"

खूप हसले. आता एका धड्यात एकच गोष्ट. आणि पुढचं काय घ्यायचं हे त्याच सांगणार. उगीच मीच ठरवत बसले होते.

११ मे

हर्षलचा नवा सल्ला: "लोगों का नाम लो. जिसका नाम लिया, वो कहीं नहीं जाता." हा पटला. माणसाला कुणी नावानं हाक मारली की बरं वाटतंच.

आज धड्याच्या शेवटी म्हटलं — निंबोल्याच्या रजनीताईंनी सराव पेपर सगळ्यांत आधी सोडवला, परीक्षेला एकदम तयार!

निंबोल्यातून कितीतरी नव्या जणी आल्या. बायकांनी धडा एकमेकींना पाठवला म्हणे. हर्षल कॉलर ताठ करून फिरतोय.

१३ मे

रजनीताईंना निरोप पाठवला, उत्तर नाही. धडा ऐकलेलाही दिसत नाही.

१४ मे

रजनीताई ग्रुपमधून गेल्या.

त्यांच्याच गल्लीतल्या वंदनाताईंनी वेगळा निरोप पाठवला. "ताई, तिच्या घरी माहीत नव्हतं. कानात एक वायर घालून, पदराखाली ऐकायची. तुम्ही नाव घेतलं तेव्हा आमचा फोन मोठ्यानं लागलेला. तिची सासू दाराबाहेरच्या ओट्यावरच बसली होती."

इकडे दोन घरांच्या चुलींमध्ये एकच भिंत असते, तीही अर्धी. हे मला माहीत नाही का? मी काय परदेशात वाढले?

तिची परीक्षा बुडाली तर माझ्यामुळे.

१७ मे

निंबोल्याला जाऊन आले. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं. दारात मालूबाई — रजनीताईंच्या सासूबाई. मी तोंड उघडलं मात्र —

"तू ती फोनमधली मास्तरीण ना वं? आवाज ओळखला मी."

सगळं पाठांतर गेलं. म्हटलं, मावशी, चूक माझी, मी त्यांना विचारायला हवं होतं.

"तुझी कशी? तिनं मला विचारलं का? सगळ्या गल्लीला ठाऊक, सासूलाच नाही! मी दुश्मन आहे का तिची?"

मी म्हटलं, विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात का?

"नाहीच म्हटली असती." आणि वर — "पण विचारायचं तर होतं!"

रजनीताई आत चहा गाळत होत्या. कप देताना माझ्याकडे बघितलंही नाही. परीक्षेचं कुणीच काही काढलं नाही. मालूबाईंनी निघताना केळीची फणी हातात दिली. रागावलेल्या माणसानं दिलेली केळी! बसमध्ये मांडीवर घेऊन बसले होते.

२० मे

आता नाव घेण्याआधी प्रत्येकीला वेगळं विचारते. कुणी म्हणाली फक्त गाव सांगा. कुणी म्हणाली माहेरचं नाव घ्या, सासरचं नको. असीरगढच्या एकीनं सांगितलं, "मला कापूसवाली म्हणा, आमच्यात कापूस सगळेच लावतात!" रजनीताईंचं नाव घेतलेला जुना धडाही काढून टाकला.

हर्षल कुरकुरतो — "पूछते रहोगी तो बढ़ोगी कब?" हळू वाढू दे. मला गर्दी नको आहे, या बायका परीक्षेच्या वर्गात बसलेल्या हव्या आहेत.

२८ मे

वंदनाताईंना रजनीताईंबद्दल विचारलं. "ती केळीच्या बागेत जाते-येते. बोलत नाही." बस, एवढंच.

३ जून

उद्या पहिला पेपर. ग्रुपवर सगळ्यांना सांगितलं — पाण्याची बाटली घ्या, दोन पेन घ्या, घाबरू नका. सांगताना एकच ऐकणारी डोळ्यांसमोर होती, आणि ती ग्रुपमध्ये नाही.

४ जून

दुपारी रजनीताईंचा फोन! "ताई, पेपर दिला. सासूबाईच घेऊन आल्या, गेटबाहेर झाडाखाली बसून होत्या, आता भजी खाताहेत. आज धड्यात नाव घ्या — माझं नको, त्यांचं."

मी म्हटलं, त्यांना विचारलंत?

मागून मालूबाईंचा आवाज — "विचारलं नं वं तिनं! नाव पूर्ण घे. गावासकट."