टिमूला कुणी घरी पोचवायचं?

अहो,

पत्राच्या वर तुमचं नाव लिहावं म्हणून टाक उचलला आणि हात अडला. जन्मात कधी घेतलं नाही, आता तुम्ही गेल्यावर घेऊ होय? जी हाक रोज मारायची तीच पुरे.

पत्राला कारण आपला धोंडिबा गुरव. आज सकाळी आपल्या शिवणकामाच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. "वैनी, मास्टरांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागाचे कागद द्या. मारुतीच्या पारावरची पोथी संपत आली. पुढं त्येच वाचा म्हंत्यात समदी." मी म्हटलं, अर्धवट आहे ते. तर म्हणतो, "मग पुरं करा की!" जशी काही सदऱ्याची बाहीच लावायची राहिलीय!

आभाळात कुणी यंत्राचा चंद्र सोडल्याचं पेपरात आलं आणि तुमच्या डोक्यात निळ्या ताऱ्यावरची माणसं शिरली. आठवतं? त्यांचा हेर टिमू माणसाचं रूप घेऊन आपल्या ईटच्या माळावर उतरतो काय, आणि गुप्त पोलीस रणधीर पिस्तूल घेऊन त्याच्या मागं लागतो काय! दिवसभर मशीन चालवायचं आणि दिवेलागणीला लिहिलेलं मला वाचून दाखवायचं. मी काजं करत ऐकायची. ऐकता ऐकता सुई माझ्या बोटात घुसली की तुम्ही खूश! म्हणायचात, "जमला धडा!"

बार्शीच्या छापखान्यातून पहिल्या भागाची पुस्तकं आली, आणि काय एकेकाच्या तऱ्हा! करीमचाचा मणेर बांगड्यांची पेटी टेकवून म्हणाले, "मास्टर, हेर आणायला ताऱ्यावर कशाला गेलता? निजामाच्या राजात गल्लीगल्लीत हुते!" सखूआत्याला निराळाच राग. "इतक्या लांबनं आला आन् हितं ईटला? पुन्याला जाता येत न्हवतं व्हय मेल्याला?" आणि जळकोटच्या त्या शिक्षकाचं कार्ड! परक्या ताऱ्यावरचा इसम मराठी बोलतो हे शास्त्राला धरून नाही, बाकी पुस्तक हातातून खाली ठेववलं नाही. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. अहो, खाली ठेववलं नाही तेही लिहिलं होतं ना त्यांनी? पण तुम्हाला नावं ठेवलेलीच तेवढी ऐकू यायची.

आणि मग धोंडिबानं ते पारावर वाचायला घेतलं. पोथीसारखं, पाटावर ठेवून, फूल वाहून! तिथंच सगळा घोळ झाला. पोथी वाईट जागी थांबवू नये, हे आपल्याकडं पोरासोरांनाही ठाऊक. सीता रावणाच्या हाती असताना पोथी बांधून कुणी उठत नाही. आणि तुमचा तर मेला प्रत्येक धडा वाईट जागीच थांबायचा!

पहिल्याच दिवशी टिमू विहिरीत झाडाची मुळी धरून लोंबकळतोय, वर रणधीर उभा, आणि धडा संपला. बाया उठेचनात. सखूआत्या म्हणाली, "लेकराला हिरीत ठिवून भाकरी कशी गोड लागंल रे?" कालपर्यंत तिचा 'मेला' होता, आज लेकरू झाला! शेवटी धोंडिबानं पदरची ओळ घातली, "आन् देवाच्या दयेनं टिमू सुखरूप राह्यला." सगळ्यांनी हात जोडले आणि मगच सगळी घरी गेली. दुसऱ्या दिवशी धोंडिबा वाचायला बसला तर टिमू पुन्हा विहिरीत! पण कुणाची काही तक्रार नाही. मग रोजच धडा संपला की धोंडिबाची ओळ.

केवढे भडकला होतात तुम्ही! "माझ्या रहस्याची माती केली त्या गुरवानं!" म्हणत हातातल्या कात्रीसकट पाराकडं निघालात. मी तोंडात पदर कोंबून हसत होते. परत आलात, कात्री जागेवर ठेवलीत. खाली बसलात आणि म्हणालात, "अगं, सखूआत्या रडत होती. टिमूसाठी." आणि तुमचेच डोळे भरले.

असं सगळं माहीत असून तुम्ही काय केलंत? दुसऱ्या भागात टिमूला न्यायला त्याचं यान माळावर आलंय. तो तापानं फणफणलेला, एका शिंप्याच्या दुकानात कापडाच्या गठ्ठ्यांमागं लपलाय, आणि दारावर रणधीरची थाप पडते. तिथं तुम्ही टाक खाली ठेवला. तुमच्याही अंगात ताप होता. "उद्या बघू," म्हणालात. कसलं उद्या आणि कसलं काय! अशा जागी सोडून कुणी उठून जातं का हो? राग येतो मला तुमचा. खरंच येतो.

धोंडिबाला म्हटलं, घाल तुझी ओळ आणि मोकळा हो. त्यानं मान हलवली. "माझ्या वळीत कसला आलाय दम, वैनी? दुसऱ्या दिशी मास्टरांचा धडा असायचा, म्हणून ती चालायची. आता म्होरं धडाच न्हाय." चहा टाकते म्हणून आत गेले आणि चुलीपुढं बसून रडले.

एक विचारलं होतं मी तुम्हाला. त्या पुस्तकातल्या शिंप्याला दुकान दिलंत, मशीन दिलंत, खोकलासुद्धा तुमचाच दिलात. त्याची बायको कुठाय? तुम्ही हसून म्हणालात, "येईल की पुढं."

तर ती आता येतेय. रणधीर पुढच्या दारावर बसू दे थापा मारत. शिंप्याची बायको टिमूच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावील, मागचं दार उघडील आणि त्याला बरोबर घेऊन निघेल. लोक नावं ठेवतील, ठेवू देत. जळकोटहून कार्ड येईल, येऊ दे. मी जेवीन मात्र!

तुमची तिरडी निघाली तेव्हा मला तुम्हाला उंबऱ्यापर्यंतच पोचवता आलं. आपल्यात बायका त्याच्या पुढं जात नाहीत. टिमूला मी माळापर्यंत पोचवीन, यान दिसेनासं होईस्तोवर तिथं उभी राहीन, आणि मगच कागद बांधून धोंडिबाच्या हाती देईन. हा शब्द तुम्हाला.

तुमची काजं करणारी,
शेवंता