इथून पुढचं मनात वाच

मुकुंदवाडी, औरंगाबाद
१४ मार्च १९८७

तीर्थरूप लक्ष्मीअक्का,

धाकट्या कडूचा पाया पडून नमस्कार. आम्ही इकडं बरे आहोत. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं, तेही पहाटे. तुमच्याकडं टँकरमागं पळावं लागतं असं लासूर स्टेशनाहून आलेला एक जण सांगत होता, तेव्हा नळाची तक्रार करायला तोंड राहिलं नाही. चाळीत आता पाय ठेवायला जागा नाही. गंगापूर, वैजापूर, पैठण, जो तो बिऱ्हाड घेऊन येतोय. आम्ही त्र्याहत्तरला आलो तेव्हा समोर मोकळं रान होतं, आता पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत.

आपल्या आवडीसाठी सखारामला तुम्ही पसंत केलं, चांगलं झालं. स्थळ यांनीच आणलेलं, यांच्याच कंपनीतलं, मग मी वेगळं काय सांगणार? तू कळवलंस, "पोरगं लई गरीब हाय. मान खाली घालून बसलं, पाव्हण्यांनी इचारलं तरी शब्द नाय." दारू नाही, पत्ते नाहीत. नारळ आणि मुलगी एवढंच मागतात, या सालात असं कोण म्हणतं? वैशाखातली तारीख कळव. साडी मी गुलमंडीवरून घेईन.

तब्येतीला जप. पत्र इथं संपवते.

आवडे, अक्काला सांग की पत्र संपलं, आणि तिला कामाला जाऊ दे. इथून पुढचं मनात वाच. तिला वाचता येत नाही म्हणून हे जमतंय. आईपासून चोरून लेकीशी बोलते, याची लाज वाटायला हवी. वाटत नाही. अलीकडं मला फारसं काही वाटतच नाही.

सखाराम गरीब म्हणून गप्प बसला नव्हता. पाहुण्यांचं बोलणं त्याला ऐकू आलं नव्हतं.

तो तुझ्या काकांसारखाच प्रेसवर आहे. पत्रा ठोकणारी मोठाली मशीनं, दिवसभर घावावर घाव. कानात घालायला कापूस देतात, पण मग फोरमनची हाक चुकते, म्हणून कोणी घालत नाही. दिवाळीत तो जेवायला आला होता. मी मागून विचारलं, पुन्हा विचारलं, "भाकर वाढू का?" तो खातच राहिला. समोर जाऊन विचारलं तर हसून म्हणाला, "बस झालं, वहिनी." तोंडाकडं बघून तो समजून घेतो. तुमच्याकडं मान खाली घातली आणि तेवढंही गेलं.

तुझ्या काकांना हे सगळं ठाऊक आहे. मी विषय काढला तर म्हणाले, "प्रेसवर समद्यांचंच आसं असतं. तू ऱ्हातेस ना माझ्यासंगं?"

राहते. बोलायचं तर आधी खांद्याला हात लावायचा. दिवा मालवला की बोलणं बंद. उजेडात जे बोलून होतं ते मिठाचं, रॉकेलचं. बाकीचं माझ्यापाशीच पडून आहे.

मागं माझं पोटातलं सातव्या महिन्यात गेलं, तेव्हा मोरीत घसरले एवढंच तुम्हाला कळवलं. घसरले हे खरं. तुझे काका त्याच खोलीत, पाठमोरे बसून बुटाला पॉलिश करत होते. मी ओरडत होते. शेवटी, लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदाच, नवऱ्याचं नाव घेतलं; बाकीच्या बायका नुसतं म्हणतात, यांचं तर नावच ते. "कारभारी! कारभारी!" चाळभर बायका दारात आल्या. शेजारची चंपाबाई आत शिरली तेव्हा कुठं त्यांनी बुटावरून मान वर केली.

नंतर ते माझ्यापेक्षा जास्त रडले. माणूस वाईट नाही, त्यामुळं रागावताही येत नाही. लग्नात त्यांना चांगलं ऐकू यायचं. त्यांचं ऐकणं हळूहळू गेलं, तशी मी हळूहळू गप्प झाले. तुला पहिल्या दिवसापासूनच गप्प व्हावं लागेल.

नकार दे असं मी म्हणत नाही. तुमची एका वेळची चूल बंद झालीय हे मला माहीत आहे, आणि सखाराम पगार आणून तुझ्या हातात देईल. पण त्याला एकदा बोलावून घे. त्याच्या मागं उभी राहून जे विचारायचं ते विचार. मग समोर जाऊन तेच विचार. मग ठरव. नाही म्हणालीस तर काकांचा राग मी सोसीन.

अक्काची सगळी पत्रं आजवर तूच लिहिलीस, ती सांगेल तशी. या वेळी एक तुझं लिही.

तुझी, आणि एवढ्या पानापुरती फक्त तुझीच,
मावशी कडूबाई