पांढरी सोडून निळी पिकअप

रविवार, संध्याकाळ

बाबांची छोटी जुनी फियाट टोचन करून आदिलाबादला न्यायची म्हणून आज गुडीहत्नूरला पिकअप पाहायला गेलो. दोन होत्या, पांढरी अन् निळी; पांढरीचा मागचा हूक दणकट होता. मी तो हलवून पाहून राह्यलो होतो, तेवढ्यात केबिनमध्ये चढलेली बायको खाली उतरली.

"आत कोणी म्हातारं झोपलं हाय. त्याहिले उठवा न."

केबिन रिकामी होती. विकणाऱ्याने नजर चुकवली.

"ते उठत नाई, साहेब. तुमी निळी घ्या."

निळीचा हूक कमजोर, तरी निळीच घेतली. येताना बायको दाराला चिकटून बसली, मधली जागा सोडून.

"काऊन अशी बसली?" मी विचारलं.

"हळू बोला. आताच डोळा लागला त्याहिचा."

घरी आल्यावर पिकअपचं दार मीही हळूच लावलं. काऊन लावलं?