जाहिरातीतली किंकाळी

परतूर, बुधवार, १२ नोव्हेंबर १९८६

रेडिओवर गुप्तहेराचं नाटक चालू होतं. खून झाला, बाई किंचाळली. मग जाहिरात लागली, तरी किंकाळी थांबेना. शेजारच्या गणपतच्या घरातून येत होती. काठी घेऊन त्याचं दार ठोठावलं.

"काका, रेडिओतली बाई हाय ती," गणपत म्हणाला. मुठीला रक्त.

"तुझा रेडिओ तर माझ्या घरी वाजून राह्यला, गणप्या. सकाळी तूच आणून दिला न्हाई का?"

मागे त्याची बायको सखू, डोकं फुटलेलं. तो पुन्हा तिच्याकडे वळला, तशी मी काठी घातली. मनगटाचं हाड वाजलं. नाटकात असा आवाज का येत नाही?

सखूला घरी आणली आहे. तो आला तर? ते हाड अजून कानात वाजतंय. त्याचा रेडिओ बंद ठेवलाय. पाऊल ऐकू यायला हवं.