एका चिमट्यात दोन चिठ्ठ्या

बाई, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली आणि मी अजून तुमच्या मुलुंडच्या घरातच घुटमळते आहे. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. आमच्या ज्युनिअर कॉलेजातून स्पर्धेला एकच निबंध जायचा होता, तुम्ही तो निवडणार होतात आणि तो माझाच असावा म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. विषय होता दोन पुस्तकांची तुलना. कादंबरीतली आई मुलगा शहराकडे निघतो तेव्हा चकार शब्द काढत नाही. नाटकातली आई मुलाला तोंडावर ठणकावते. मी आधी सगळी कादंबरी लिहिली, मग सगळं नाटक, आणि ऐटीत कागद तुमच्यापुढे ठेवले. कांदा चिरता चिरता तुम्ही वाचलंत. "हे दोन निबंध झाले गं. एका मजल्यावरच्या दोन शेजारणी, आणि एकमेकींशी बोलत नाहीत! वाट लावलीस की." मला रडू आलं, ते मी कांद्यावर ढकललं.

मग तुम्ही मला गॅलरीत नेता, दोरीवरचे कपडे बाजूला सारता, जुनं कॅलेंडर फाडून चिठ्ठ्या करता. एका मुद्द्याला एक चिमटा आणि त्यात दोन चिठ्ठ्या, एक कादंबरीची, एक नाटकाची. जोडी जमली नाही तर मुद्दा रद्द. दुपारभर आम्ही दोघी कपडे वाळत घातल्यासारखा निबंध वाळत घालतो. शेवटी 'धाडस' एवढाच चिमटा अर्धा राहतो. माझा सगळा निबंध त्याच मुद्द्यावर उभा.

"कादंबरीतली आई भित्रीच आहे, बाई."

"भित्री म्हणायची एवढी घाई का गं तुला? उद्या दुसरी चिठ्ठी आण, मग पाठवायचं बघू."

दुसऱ्या दिवशी मी आणली: 'थांब' असं न म्हणणं, हेही धाडसच. तुम्ही ती दोनदा वाचलीत, चिमट्यात अडकवलीत, "झकास!" म्हणालात आणि पोह्यांची बशी पुढे केलीत. निबंध गेला. नंबर आला नाही, पण मला त्याचं काही वाटलं नाही. आता मी शिकवते, आणि माझ्या गॅलरीतही कपड्यांना जागा नसते म्हणून लेक कुरकुरते. हे पत्र तरी कुठे टाकणार? लावून ठेवते त्याच दोरीला.

एक सांगायचं राहिलं. "कुठल्या पानावर सापडलं गं?" असं तुम्ही विचारलं होतंत आणि मी नुसती हसले होते. आदल्या संध्याकाळी दादा नोकरीसाठी गुजरातला निघाला होता. आई त्याच्यासाठी लाडू भरत होती. मला एवढंच म्हणाली, "डबो नीट बंद कर गो, नायतर मुंगयो लागतल्यो." चिठ्ठी मी तिथेच, ओट्यापाशी लिहिली. पुस्तक नंतर उघडलं, बाई.