मतीनची गाडी आणि सुमैराचा हिस्सा

मी, चांदसाहेब दस्तगीर शिकलगार, वय ७१, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार आष्टा, तालुका वाळवा, जिल्हा सांगली, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. गुडघे कामातून गेले आहेत. डोके शाबूत आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव यांची वाटणी माझी पत्नी जरिना व मुलगा अजीम यांच्यात शरियतप्रमाणे व्हावी. जरिनाला तिच्या खोलीतून कोणी हलवू नये.

२. माझा धाकटा मुलगा मतीन काविळीने गेला. मुलगा बापाआधी गेला तर त्याच्या बायकोला सासऱ्याच्या मिळकतीत वारसा मिळत नाही. म्हणून, मृत्युपत्राने जो एक तृतीयांश भाग देण्याचा मला अधिकार आहे, त्यातून गॅरेज, त्यामागची खोली, सर्व हत्यारे आणि मतीनची लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार मी माझी सून सुमैरा हिला देत आहे.

३. अजीम, मतीनच्या चाळिसाव्यालाच तू म्हणालास, "आता हिला आटपाडीला माहेरी पोचवूया." ती चहा घेऊन दारातच उभी होती. ट्रे खाली ठेवून ती आत गेली आणि त्यानंतर महिनाभर घरात कोणाशी बोलली नाही. तुझी वाटणी मी कमी केलेली नाही. पण हे कलम तू सर्वांसमोर मोठ्याने वाचावेस.

४. गाडीविषयी. मतीनने ती भंगारातून आणून उभी केली. ब्रेकच्या जुन्या रबरी नळ्या दाबाने फुगायच्या, म्हणून त्याने स्टीलची जाळी चढवलेल्या नळ्या मागवल्या. पार्सल आले ते तो गेल्यावर. मला ते उघडवेना. एका सकाळी सुमैराच ते घेऊन गॅरेजात आली.

"अब्बा, ह्या बसवायच्या न्हाईत व्हय?"

नळ्या मी बसवल्या. मग ब्रेकमधली हवा काढायची. त्याला दोन माणसे लागतात. ती पेडलवर, मी चाकाशी. "दाब. धर. सोड." शेवटच्या चाकाला ती पेडल दाबून धरून रडायला लागली.

"सोडू का, अब्बा?"

"धर अजून, पोरी. हवा हाय."

हवा केव्हाच निघाली होती.

तिचे रडून होईपर्यंत मी चाकामागून उठलो नाही.

त्याच गाडीवर ती चालवायला शिकली. गेल्या हिवाळ्यात मी शेजारी बसलो असताना, मेढ्याजवळ घाट उतरताना वळणावर म्हैस आडवी आली. सुमैराने ब्रेक दाबला. गाडी जराही न भरकटता थांबली. म्हैस निघून गेली तरी तिचा पाय ब्रेकवरच. म्हणाली, "अब्बा, ह्या नळ्या लागणार त्येंला म्हाईत हुतं बघा."



५. सुमैरा, नळ्या स्टीलच्या असल्या म्हणून गाफील राहू नये. चाक पूर्ण वळवून नळी कुठे घासते का ते पाहत जावे. ब्रेक ऑइल वेळेवर बदलावे. गाडी ठेवायची की विकायची हे तुझे तू ठरव. मतीनच्या आठवणीसाठी ती सांभाळण्याची सक्ती नाही.

६. सुमैराने पुन्हा निकाह केला तरी वरील देणगीस बाध येणार नाही. तो निकाह याच घरात व्हावा आणि पाठवणी घरच्या मुलीची करतात तशी व्हावी. मी नसेन. अजीम, दारापर्यंत तिच्यासोबत तू चालावेस, तिचा भाऊ म्हणून.

हे मी स्वतः लिहिले, वाचले आणि खाली सही केली.

सही: चांदसाहेब दस्तगीर शिकलगार

साक्षीदार (सही आमच्या डोळ्यांदेखत झाली):
१. ज्ञानू बाबू ढोले, आष्टा
२. नानासो रामचंद्र थोरात, आष्टा

ठिकाण: आष्टा
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५