‘रुतलेला नवरा’ हे नाव परत मिळणेबाबत

प्रति
मा. प्रमुख
स्थळनामे व फलक विभाग
टोपोल्याक नगरपालिका

अर्जदार: इग्नात्स त्रुपकोविच. निवृत्त गवंडी. मु. ब्रोदेत्स. बांधाखालचे शेवटचे घर.

विषय: अर्जदाराचा मंजूर झालेला अर्ज नामंजूर करून मिळणेबाबत.

संदर्भ: अर्जदाराचाच गेल्या उन्हाळ्यातील अर्ज आणि त्यावरील आपली मंजुरी.

महोदय

१. नाव गेल्याचे अर्जदारास गेल्या गुरुवारी सकाळी कळले. अर्जदार दफनभूमीतून रिकामी झारी घेऊन घरी येत होता. बांधावरून उतरताना त्याला जुन्या मुरेच्या काठी पालिकेची गाडी दिसली. दोन कामगार फलकाचे स्क्रू काढत होते. फलक त्यांनी गवतावर पालथा घातला. हे काय चालवलंय असे अर्जदाराने विचारले. त्यावर त्यांच्यातल्या थोरल्याने म्हणजे झ्वोन्कोने खिशातून कागद काढून वाचला आणि अर्जदाराचा हात हातात घेऊन हलवला. “इग्नात्सकाका अभिनंदन. तुमचाच अर्ज आहे. मंजूर झालाय.” तो अर्ज जुना आहे असे अर्जदाराने सांगितले. झ्वोन्को म्हणाला “अर्ज जुनेच असतात काका. नवा अर्ज मंजूर झालेला मी तरी पाहिला नाही.”

२. आपण या पदावर नवीन आहात असे कळते. म्हणून गावाची माहिती देणे भाग आहे. ब्रोदेत्स हे गाव मुरा नदीच्या काठी वसले आहे असे पालिकेच्या पुस्तिकेत छापले आहे. मुरेला मान्य असेल त्या वर्षी ते खरे असते. मुलूख सपाट आहे आणि नदीला एका जागी बसवत नाही. ब्रोदेत्स म्हणजे होड्यांचा घाट. परंतु त्या घाटाची घंटा आज कोबीच्या शेतात उभी आहे. आजोबांच्या काळी पिठाच्या गिरण्या नदीतच होड्यांवर तरंगत. नदी सरकली की गिरणी दोर सोडून तिच्या मागे जायची आणि बायका धान्याची पोती घेऊन काठाकाठाने गिरणी शोधत फिरायच्या. लाकडी चर्च पुरापायी हलवावे लागले. मग विटांचे बांधले. तेव्हाचे पाद्री म्हणाले होते की आता नदीने हलावे. त्याप्रमाणे ती हलली. नदी वळण तोडून सरळ गेली की मागे जे पाणी राहते त्याला आम्ही जुनी मुरा म्हणतो. त्यामुळे आमच्याकडे कोणी मुरेवर जातो म्हणाला की घरचे विचारतात “कुठल्या?”

३. सदर फलक ज्या वळणावर होता त्याचा इतिहास असा. अर्जदार मूळचा नदीच्या वरच्या अंगाच्या गावचा. लग्नाआधीचा हिवाळा त्याने ऑस्ट्रियात ग्रात्सला गवंडीकामात काढला. तो परतण्याआधीच मुरेने ब्रोदेत्सचे वळण तोडले आणि ती सरळ निघून गेली. हे अर्जदारास कोणी कळवले नाही. आमच्याकडे नवरदेवाने स्वतः वल्ही मारत नवरीच्या घाटाला लागायचे असते आणि वाटेत कोणालाही वाट विचारायची नसते. विचारली तर जन्मभर बायकोला विचारून चालावे लागते असे मानतात. अर्जदार आपल्या ओळखीच्या पाण्यात शिरला. काठावरच्या एका गळवाल्याने दोन्ही हात जोरजोराने हलवले. तो शुभेच्छा देतोय असे वाटून अर्जदाराने उलट टोपी हलवली. पुढे पाणी अरुंद झाले. मग लव्हाळे आले. मग चिखल आला. होडीत सोबती म्हणून फेर्दो होता जो आज अर्जदाराचा शेजारी आहे. शिवाय एक अकॉर्डियनवाला होता. त्याला नवरीच्या दारापर्यंत वाजवण्याची सुपारी होती म्हणून तो थांबला नाही.

अर्जदाराची नवरी यालझाबेता नव्या घाटावर पाहुण्यांसोबत नदीकडे तोंड करून उभी होती. बाजा तिला पाठीमागून ऐकू आला. ती बापाला म्हणाली “बाबा वरात गोठ्यामागनं येतेय.” मग तिने लग्नाचा झगा वर खोचला आणि डुकरांच्या खोपटाची फळी आणून चिखलावर टाकली. ती म्हणाली “आधी बाजावाल्याला पाठव. तो जड आहे. तू काही बुडत नाहीस.” अर्जदार काठावर आल्यावर तिने विचारले “वाट का नाही विचारलीस?” अर्जदार म्हणाला “विचारायची नसते.” ती म्हणाली “बरं. उद्यापासनं विचार.” त्याप्रमाणे अर्जदार विचारत आला.

४. पुढे अर्जदार म्हातारा झाला आणि पालिकेने गावाचा भूगोल व इतिहास छापायचे ठरवले. त्यासाठी निकोलिना नावाची कॉलेजची मुलगी घरोघरी फिरली. ती अर्जदाराच्या घरी आली तेव्हा यालझा मेजावर गिबानित्सासाठी पीठ लाटत होती आणि अर्जदार चीज कुस्करत होता. घरामागच्या पाण्याला काय म्हणतात असे मुलीने विचारले. यालझा म्हणाली “रुतलेला नवरा. लिहून घे. जुनं नाव आहे.” मुलीने विचारले किती जुनं. यालझा म्हणाली “तो काय समोर बसलाय. त्यालाच विचार.” मुलगी पोट धरून हसली आणि तिने लिहून घेतले. ते पुस्तिकेत छापले गेले. पुस्तिकेतून नकाशात गेले आणि नकाशावरून पालिकेने फलक केला.

५. त्यानंतर अर्जदाराचे जे झाले ते आपल्या दप्तरात आहेच. नदीकाठाने सायकलवरून येणारी जोडपी फलकाशी थांबत. बायका आपापल्या नवऱ्यांना चिखलात उभे करून फोटो काढत. त्यातल्या एकाचा बूट अजून तिथेच आहे. फेर्दो खानावळीत भर गर्दीत विचारायचा “काय नवरदेव? फळी आणू का?” वास्तविक तोही त्याच होडीत होता. शेवटी अर्जदाराने आपल्या विभागाकडे नाव काढण्याचा अर्ज लिहिला.

तो अर्ज यालझाने वाचला. अर्जदार शाळेत फार टिकला नाही. ती म्हणाली “श्वास कुठं घ्यायचा ते तुला बोलताना कळत नाही नि लिहिताना पण कळत नाही.” मग पेन्सिल घेऊन तिने अल्पविराम घातले. बदनामी हा शब्द चांगला आहे म्हणाली आणि तो राहू दिला. टपालातही तीच टाकून आली. वर म्हणाली “काळजी करू नकोस. मंजूर झाला तर मी अर्ज करीन. नाव परत लावा म्हणून. मग तू कर. म्हातारपण मजेत जाईल.”

६. अर्जदाराची पत्नी यालझाबेता फेब्रुवारीत न्यूमोनियाने वारली. दफनाच्या दिवशी जुनी मुरा भरली होती आणि वाटेत चिखल होता. शवपेटी फळ्या टाकून न्यावी लागली. फळ्या फेर्दोने आणल्या. त्या दिवशी तो चेष्टेचे काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

७. आता कायद्याचे बोलायचे तर मागील अर्जात बदनामीचे कारण दिले होते. ते कारण संपले आहे. पालिकेच्या नोंदीत अर्जदार आता विधुर आहे. तेव्हा नवरा या शब्दाने त्याची बदनामी होऊ शकत नाही. दुसरे असे की झ्वोन्कोच्या कागदावर त्या पाण्याचे नवे नाव ‘मृत शाखा क्रमांक सात’ असे आहे. अर्जदाराने त्या संध्याकाळी काठावर बसून पाहणी केली. बेडकांमुळे त्याला स्वतःचा विचार ऐकू येईना. पाइक मासा दोनदा उसळला. ज्याला मृत म्हणायचे ते पाणी असे नसते. अर्जदारास यातला फरक अलीकडेच कळला आहे.

८. तरी विनंती की मागील अर्ज नामंजूर करावा आणि फलक त्याच खांबावर त्याच उंचीवर लावावा. खर्चाचा प्रश्न येत नाही. झ्वोन्कोने फलक भंगारात दिलेला नाही. शेडमध्ये दाराआड उभा केला आहे. तो म्हणाला “कागद आणा काका. लगेच लावतो.” पालिका अर्जदारास वेडा ठरवू पाहत असेल तर त्यास हरकत नाही. फक्त ते फलक लावून झाल्यावर ठरवावे. नाव पुन्हा लागल्यावर अर्जदार त्याविरुद्ध अर्ज करणार नाही असे लिहून देतो. फेर्दोही चेष्टा चालू ठेवण्यास तयार आहे. त्याची सही खाली आहे.

आपल्या होकाराची वाट पाहणारा

इग्नात्स त्रुपकोविच
ब्रोदेत्स. सेंट इव्हानच्या सणाचा आदला दिवस.

साक्षीदार: फेर्दो. होडीत होतो.

सोबत:
फलकाचे स्क्रू. झ्वोन्को ते गवतात विसरला होता.
लग्नाचा फोटो. फोटोवाल्याने तो गुडघ्यापासून वरचाच घेतला आहे.

टीप: हा अर्ज यालझा करणार होती. तो अर्जदाराने एकट्याने लिहिला आहे. अल्पविराम घालायचे राहिले आहेत.